बटणांचे डोळे

८ डिसेंबर २०२४

आज दुपारच्या सुरुंगाला अजीजची सुई मोडली. अर्धी कापडात राहिली, अर्धी मशीनला. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "नारायण, खानवाल्या शेटला सांग, सुया पुरवायचं बघ म्हनावं." मी हसलो. मग आम्ही दोघे माझ्या स्वयंपाकघरातली भेग बघायला आलो. गेल्या दिवाळीत तिच्यात नख जात होतं, आता बोट जातं.

लिहायला बसलो त्याचं कारण संध्याकाळी घडलं. सरपंच कल्याण ओट्यावर येऊन सांगून गेला की खाणीला आता आमच्या अंगाची टेकडीही हवी आहे. आतापर्यंत खाण टेकडीच्या पलीकडे होती, तरी ही गत. टेकडी गायरानातली, म्हणजे गावाचा ठराव लागणार. पायथ्याला घरं दोनच, माझं आणि अजीज टेलरचं. मध्ये एक भिंत. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त होऊन मी गावाला परत आलो. मग ही गेली. लेक लीना पुण्याला तिच्या संसारात. राहता राहिला तो भिंतीपलीकडच्या शिलाई मशीनचा आवाज. सकाळी तो सुरू झाला की मी चहा ठेवतो, दोन कप.

अजीज म्हणाला, "टेकडी गेली की मी बी जानार. पोरगा सैफ कवापासनं केडगावला बोलावतोय." अगदी सहज म्हणाला. मला मात्र जेवण गेलं नाही. गावाला पाण्याची, धुळीची काळजी असेल, असायलाच हवी. मला एवढंच कळतं की टेकडी गेली तर अजीज जाईल, आणि मग या बाजूला मी एकटा.

१५ डिसेंबर

ग्रामसभेत बोललो. उभं राहून बोलायची सवय नाही. विहिरीचं पाणी, पत्र्यावर येऊन पडणारे दगड, पिकांवरची धूळ, सगळं मुद्देसूद मांडलं. लोकांनी माना डोलावल्या. रंगुबाई म्हातारी तर मोठ्याने म्हणाली, "काका खरं बोलत्यात." ठराव पुढच्या सभेवर ढकलला. मी खूश.

बाहेर आल्यावर विचारलं, तहसीलला अर्ज द्यायला कोण कोण येतं. तर प्रत्येकाची म्हैस आजारी.

१९ डिसेंबर

संगमनेरला अर्ज देऊन आलो. दुकान बंद ठेवून अजीज तेवढा आला. मी आयुष्यभर कारकुनी केली आहे. समोरचा माणूस अर्ज कुठे ठेवतो यावरून त्या अर्जाचं काय होणार ते मला कळतं. तिथल्या कारकुनाने तो पंख्याखाली ठेवला, वर वजन न ठेवता.

येताना एसटीत अजीज माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला. आमचा फाटा येईपर्यंत मी खांदा हलवला नाही.

२८ डिसेंबर

ठराव व्हायच्या आधीच पोकलेन आमच्या अंगाला रस्ता काढायला लागलं आहे. परवा अजीज काज करता करता सहज म्हणाला, "क्रशरवरचे गडी शिवायला येत्यात माज्याकडं. मागच्या खानीवर एक शेंदराचा दगड निगाला, तर कुनी हात लावंना म्हनं. शेवटी ती कडाच सोडली." तो बोलून विसरला. माझ्या डोक्यात ते फिरत राहिलं.

आज बाजारचा दिवस. निम्मं गाव संगमनेरला, उरलेलं झोपलेलं. मी शेंदूर आणलेलाच होता. अजीज नको म्हणत होता. "हे माज्या हातनं नको, नारायण. तू बामन हाईस, तुला खपंल." मी म्हटलं, देव मी करतो, तू डबा तरी धर, माझा गुडघा चढणीला साथ देत नाही. बराच वेळ तो दारात उभा राहिला. मग चपला घातल्या.

पोकलेनच्या वाटेवर एक बसका दगड हेरून ठेवला होता. मला खाली वाकता येईना म्हणून शेंदूर शेवटी त्यानेच कालवला आणि तेल इतकं ओतलं की शेंदूर ओघळून दगडाच्या पायाशी साचला. मी वैतागलो. तो म्हणाला, "मला काय म्हाईत किती लागतंय? मी काय रोज देव करतो?" डोळे हवेत, हेही त्याचंच. खिशातून शर्टाची दोन पांढरी बटणं काढली आणि ओल्या शेंदरात दाबली. चार पावलं मागे जाऊन पाहिलं तर दगड खरोखर आमच्याकडे बघत होता. आम्ही दोघे म्हातारे पोट धरून हसलो. ही गेल्यापासून मी असा हसलो नव्हतो.

माझ्या मनात मारुती होता. हात मात्र जोडले नाहीत. आपणच मांडलेल्या दगडाला काय हात जोडायचे.

५ जानेवारी २०२५

पोकलेन थांबलं. ड्रायव्हरने मशीन मागे घेतलं आणि गड्यांनी नारळ फोडला.

पण मारुतीचा म्हसोबा झाला. रंगुबाई शेरडं घेऊन वर गेली होती, तिने पाहिला आणि गावभर सांगितलं की तिच्या सासूला हा देव ठाऊक होता, मध्यंतरी मातीखाली गेला होता, आता संकट आलं म्हणून वर आला. दोन दिवसांत गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला तो आठवायला लागला. आज वर कोंबडं कापलं. माझ्या मारुतीला कोंबडं. मी दार लावून बसलो आणि भिंतीपलीकडे अजीज खोकल्याचं निमित्त करून हसत होता, ते मला ऐकू येत होतं.

२६ जानेवारी

ग्रामसभेत खाणीचा ठराव फेटाळला. एकमताने. ज्यांच्या म्हशी आजारी होत्या ते सगळे हात वर करून होते.

दर रविवारी गाव टेकडी चढतं आणि उतरताना माझ्या ओट्यावर टेकतं. मी पाण्याचा माठ भरून ठेवतो. नैवेद्य कधी, दिवा कोणत्या बाजूला, सगळं मला विचारतात. आज कोणी भाकरी आणली, कोणी भरलेली वांगी. मला सांगायला संकोच वाटतो, पण बरं वाटतं. ओटा भरलेला असला की घर वेगळंच दिसतं.

देवाला कोणीतरी चांदीचे डोळे वाहिले. जुनी बटणं काढून मला दिली, ती मी अजीजला नेऊन दिली. त्याने तळहातावर घेऊन पाहिली आणि बटणांच्या डब्यात टाकली. हसला नाही. रविवारी तो ओट्यावर येत नाही, दुकानाचा दरवाजाही लोटून घेतो. सगळा मान मला मिळतो म्हणून रुसला असावा. त्याचंही बरोबर आहे, डोळे त्याचेच होते.

१६ फेब्रुवारी

रंगुबाईने देवाचं वस्त्र शिवायला अजीजकडे लाल कापड दिलं होतं. गावातले सगळे कपडे त्याच्याकडेच, मग देवाचे का नाही. आज रस्त्यावरच्या टपरीवर बसणारी काही पोरं दुकानात आली आणि कापड मागून घेऊन गेली. देवाचं कापड तिकडे नको म्हणाली. मी ओट्यावर होतो. बोलणं ऐकू आलं. उठेपर्यंत ती मोटारसायकलवर बसली होती.

मी आत गेलो. अजीज कात्रीला तेल देत होता. म्हणाला, "बरं झालं, काका. मला बी येळ न्हवता." मी म्हटलं, काका काय म्हणतोस मला. चारचौघांत तो मला काका म्हणतो, तुमी म्हणतो, ते ठीक आहे. पण दुकानात आम्ही दोघेच होतो. तो म्हणाला, "सवय लागली."

चार दिवसांत विसरेल. पोरांचं काय एवढं मनावर घ्यायचं.

९ मार्च

रमजान सुरू आहे. एरवी या महिन्यात मशीन थांबत नाही, ईदचे कपडे आणि लग्नसराई एकत्र येतात. यंदा मशीन दुपारीच गप्प होतं. लोक हल्ली रेडिमेड घेतात, त्याला कोण काय करणार. गावातल्या बायकाही परवा ब्लाउज शिवायला संगमनेरला गेल्या.

आज कल्याण आला, सोबत पेढे. खाणीच्या शेटने देवाला मंदिर बांधून द्यायचं कबूल केलं आहे. खाली, डांबरी रस्त्याला लागून, फरशी, सभामंडप, वर कळस. "देवाला कशाला उन्हात ठिवायचं, काका? म्हाताऱ्या मानसांना चढवत न्हाई. पाडव्याला वाजतगाजत खाली आनू. तुमच्या हातनं बसवायचा."

मी विचारलं, आणि टेकडी?

"देवच खाली आला तर वर काय ऱ्हातं?"

पेढा माझ्या हातात तसाच राहिला. मी देव मांडला तेव्हा दगड हलत नाही एवढाच विचार केला होता. देव हलतो हे डोक्यात आलं नाही, आणि मी भटाघरचा. मुहूर्त काढून, मिरवणूक काढून देव हलवतात, आमच्या आजोबांनी चार गावचे हलवले. इतका मूर्ख मीच.

१० मार्च

सकाळी भिंतीपलीकडे गेलो. अजीजचा रोजा होता, म्हणून मीही पाणी मागितलं नाही. म्हटलं, मी सभेत सगळं सांगून टाकतो. देव खोटा आहे म्हटलं की मंदिर नाही, आणि मंदिर नाही तर सौदा नाही.

तो बराच वेळ कापडाच्या चिंध्या गोळा करत राहिला. मग म्हणाला, "तुमी लावला म्हनला तर लोक हसतील. अजीजनं शेंदूर कालवला म्हनला तर?"

मी उठून दुकानाचं दार लोटलं.

"घरात मेहताबला बी मी अजून सांगितलं न्हाई. तवापासनं झोप न्हाई मला. वर गर्दी जमली की मी दार लावून बसतो. तुमाला वाटलं असंल, रुसला."

हो, मला तसंच वाटलं होतं. मी ते इथे लिहूनही ठेवलं आहे, आता वाचवत नाही. माझ्या ओट्यावर भाकरी यायच्या तेव्हा हा माणूस एका भिंतीपलीकडे घाबरून बसला होता. गुडघा माझा, टेकडीची हौस माझी आणि डबा त्याच्या हातात. लाज वाटते. घरी आलो आणि दिवा न लावता बसून राहिलो.

१६ मार्च

सभेत सांगितलं. एकट्याने केलं असं सांगितलं. शेंदूर संगमनेरहून आणला, दगड मी निवडला, हात माझे, तेल जास्त झालं तेही माझंच. अजीज सभेला आला नव्हता, मीच येऊ नको म्हटलं होतं.

रंगुबाई उठली. चिडली असेल असं वाटलं होतं, पण ती माझ्याकडे मायेने बघत होती. "काका, शेंदूर तुमी लावला असंल. पर लावायची बुद्धी कुनी दिली?"

सगळ्या सभेने हात जोडले. मला नाही, तिला नाही, टेकडीच्या दिशेने. मी म्हणत राहिलो की मला कोणी बुद्धी दिली नाही, मी ठरवून फसवलं. कोणी ऐकेना. उलट लोक माझ्या पाया पडायला लागले. कल्याणने मला धरून खाली बसवलं. "काका दमलेत. एकटे ऱ्हात्यात, जेवनाचं हाल हायत." ठराव मंजूर झाला. देव खाली, टेकडी खाणीला.

लीनाला फोन करून सांगावं असं वाटलं. रिंग वाजली आणि मी ठेवून दिला. काय सांगणार होतो.

३० मार्च, पाडवा

देव बसवायला मी नाही म्हटलं. शेटने संगमनेरहून गुरुजी आणले. गुढी उभारली, साखरेची गाठी बांधली आणि ओट्यावर बसून राहिलो. बँड आधी ऐकू आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झेंडूच्या ढिगात तो दगड, चांदीचे डोळे उन्हात चमकत होते. रंगुबाई ट्रॉलीच्या मागे अनवाणी चालत होती. मला बघून म्हणाली, "चला की, काका." मी मान हलवली. मिरवणूक वळणाआड गेली. माठ भरून ठेवला होता, पाणी प्यायला कोणीही थांबलं नाही. आता देवाकडे जायचा रस्ता इकडून नाही.

भिंतीपलीकडे मशीन बंद.

३१ मार्च, ईद

मेहताबभाभींनी शिरखुर्मा पाठवला नाही, स्वतः घेऊन आल्या. एवढ्या वर्षांत हे काम अजीजचं. डबा ठेवून पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "भाऊजी, सैफनं खोली बघितलीया. केडगावात रस्त्याला लागूनच दुकान हाय. हितं आता काय ऱ्हायलंय?"

मी म्हटलं, चांगलं झालं. शिरखुर्मा खाल्ला. मागच्या वर्षी अजीज समोर बसून वाटी रिकामी होईपर्यंत हलला नव्हता.

३ एप्रिल

अजीज गेला.

टेम्पो सकाळीच आला. मशीन चढवताना मी एका बाजूने हात लावला. सगळं सामान भरलं तरी अजीजचा पत्ता नाही. मेहताबभाभी ओरडायला लागल्या, "टेम्पोवाला खोळंबलाय आन् ह्यांचा पाय निघंना. कुटं गेले?" बऱ्याच वेळाने घरामागून आला, धापा टाकत, घामाघूम. परसाकडे गेलो होतो म्हणाला. बाहीला लाल डाग पडलेले. ईदपासून पान खायचा सपाटा लावलेला दिसतो, आणि तोंड पुसायला बाही. भाभींनी बघितलं असतं तर आणखी ओरडल्या असत्या.

निरोप कसा घ्यायचा ते दोघांनाही येत नव्हतं. मी म्हटलं, पोचलास की फोन कर. तो म्हणाला, "करतो. तू गुडघ्याला तेल लाव, नारायण." टेम्पो फाट्याकडे वळेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की तो मला तू म्हणाला.

चहा ठेवला. दोन कप झाला.

४ एप्रिल

काही नाही. सुरुंगही नाही. अशी शांतता की घरातल्या भेगाही ऐकू येतील असं वाटतं. आपण कशासाठी भांडत होतो ते आज नीट आठवेना. पाण्यासाठी म्हणत होतो मी सभेत.

६ एप्रिल

सकाळी पोकलेन टेकडीवर चढलं. मी आतल्या खोलीत जाऊन कानाला उपरणं गुंडाळून बसलो. बराच वेळ झाला, आवाज आलाच नाही. मग दारात ड्रायव्हर उभा. तोच, डिसेंबरातला. हेल्मेट काखेत धरून. "काका, जरा वर चला. गडी काम करंनात."

त्याने मला हाताला धरून चढवलं. मध्ये दोनदा बसलो. पहिला देव होता तिथे फक्त खळगा. तिथून थोडं वर, पोकलेनला जायचं होतं त्या वाटेच्या बरोबर मधोमध, एक मोठा दगड. जमिनीत रुतलेला, आमच्या घराएवढा नसेल, पण ट्रॉलीत येणारा नाही. त्याला शेंदूर फासलेला. तेल इतकं जास्त की शेंदूर ओघळून खाली साचला होता, त्यात मुंग्या अडकल्या होत्या. वर दोन पांढरी शर्टाची बटणं.

मी बघत राहिलो. त्या माणसाने बायकोपासून लपवलं, अडीच महिने झोपला नाही, पोरांनी त्याला देवाच्या कापडालाही हात लावू दिला नाही, आणि टेम्पो दारात उभा असताना तो इथवर चढून आला होता. एकटा. डबा धरायला कोणी नसताना.

गडी लांब उभे होते. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "काका, पैला तुमीच लावला म्हनून सभेत सांगितलं म्हनं. ह्यो बी तुमीच का?"

"नाही."

"मंग कुनी?"

"ठाऊक नाही."

तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. त्यालाही पोटापाण्याचं होतंच. "खरं सांगा, काका. तुमी सांगाल तसं करतो. ह्यो खरा हाय का?"

शेटला उद्या कळेल. गुरुजी येतील, सुरुंग येईल, काहीतरी येईलच, मला त्याची खात्री आहे. अजीज केडगावहून परत येणार नाही, हेही मला कळतं.

मी चपला काढल्या. दगडावरून घसरू नये म्हणून ड्रायव्हरने माझा दंड धरला होता, तो सोडवून घेतला आणि हात जोडले.

"खरा आहे," मी म्हटलं.